मुलाणी जमादारांची साक्ष

मुलाणी जमादार कुणाच्याही घरी गेले तरी कडी वाजवत नसत. दारापासून थोडं अलीकडं उभे राहायचे, दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरायचे आणि रोजच्या बोलण्याच्या आवाजात सांगायचे, "मी दस्तगीर मुलाणी. एकटाच हाय. हातात काय न्हाई." आतून कुणी 'या' म्हणेपर्यंत तिथंच उभे. पाऊस असला तरी तिथंच. विरजण मागायला आले तर म्हणायचे, "हातात वाटी हाय."

लोणंदच्या हायस्कुलात मी मास्तर म्हणून लागलो, तेव्हा आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. पहिल्याच संध्याकाळी स्टोव्हला पंप मारत होतो, तर दाराबाहेरून हे कानावर आलं. बघतो तर खाकी वर्दीतला उंच, किंचित वाकलेला माणूस. पोलिसाच्या तोंडून 'एकटाच हाय' असं ऐकलं की माणूस आधी त्याच्या पाठीमागं बघतो. मीही बघितलं. मागं कुणी नव्हतं. ते नवीन शेजाऱ्याला गुळाचा खडा द्यायला आले होते.

गूळ त्यांच्या खिशात कायम असायचा, शेंगदाण्यांबरोबर कागदात बांधलेला. मिशा बारीक, आवाज खालच्या पट्टीतला. डाव्या कानाची पाळी अर्धी नव्हती. एकदा मी बघतोय हे त्यांच्या ध्यानात आलं, तेव्हा म्हणाले, "कोरेगावात एका बाईनं तोडली. चूक माजी. मी घाई केली."

घाई हा त्यांच्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हा होता. कुणी भ्रमिष्ट झालेला माणूस दगड मारतोय, कुणी स्वतःला कोंडून घेतलंय अशी वर्दी आली, की चौकीतले बाकीचे आधी दोर शोधत. जमादार आधी पाणी पीत. 'येडा' हा शब्द त्यांना चालत नसे. "घाबरल्यालं मानूस म्हना. घाबरल्याल्या मानसाला दोन गोष्टी लागत्यात, मास्तर. पळाया वाट आन बोलाया मानूस. आमी पोलीस जातो आन दोनी बंद करतो."

जन्मतःच ते असे शहाणे होते असं मात्र नाही. हे त्यांनीच मला सांगितलं. "वर्दी नवी हुती तवा मी बी लय मारलंय. मारलं की गप बसत्यात, म्हनून वाटायचं बरं झालं. गप बसनं आन बरं होनं ह्यातला फरक कळाया मला लय वर्सं लागली." एवढं बोलून ते गूळ चघळत बसले. 

लोणंदच्या आधी ते वाईला होते. तिथली एक गोष्ट त्यांच्या बायकोनं, हमीदाभाभींनी, मला सांगितली. घाटाजवळच्या एका घरात एका पुजाऱ्याची विधवा एकटी राहायची. एका उन्हाळ्यात ती माळ्यावर चढून बसली आणि खाली येईना. कृष्णा घरात शिरली आहे, पाणी वाढतंय, म्हणायची. कुणी आत पाऊल टाकलं की वरून पितळी भांडी फेकायची. दोघांची डोकी फुटली, तेव्हा शेजाऱ्यांनी चौकीवर वर्दी दिली.

जमादार गेले. दारात उभे राहून नाव सांगितलं. मग बूट काढून हातात घेतले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कोरड्या ठणठणीत फरशीवरून, पाण्यातून चालावं तसे पाय ओढत निघाले. बाहेर जमलेले लोक हसायला लागले. ओटीच्या मध्यावर जमादार थांबले आणि वर बघून म्हणाले, "आजी, हितं खोल हाय का?"

वरून आवाज आला, "डावीकडनं ये. तिथं पायरी आहे."

ते डावीकडनं गेले. माळ्यापर्यंत पोचले आणि म्हातारीला पाठुंगळी घेऊन त्याच वाटेनं बाहेर आले. तोवर बाहेरचं हसणं थांबलं होतं.

"हे समदं लोकांनी बघितलं," भाभी म्हणाल्या. "लोकांनी बघितलं न्हाई ते मी सांगते. घरी आले तवा ह्यांची प्यांट गुडघ्यापतुर ओली हुती."

मी जमादारांना विचारलं. त्यांनी बराच वेळ आठवून बघितलं. "घाटावर पाय धुतलं असतील," म्हणाले. पण ते सांगताना त्यांची नजर स्वतःच्या पायांकडं होती.

आता भिंतीचं सांगतो. शाळेतून येऊन मी खोलीत पडलेला असायचो. उन्हं कलायला लागली, की पलीकडून जमादारांचा आवाज यायचा. "हाय." मग जरा वेळ काही नाही. पुन्हा, "हाय की. हितंच हाय." भाभी भाकरी थापत असल्या, तर तेवढ्यापुरतं थापणं थांबायचं. मग पुन्हा सुरू. मला वाटायचं, कुणीतरी हाक मारत असेल, ती आपल्याला ऐकू येत नसेल.

एकदा ते माझ्याकडं चहाला बसले होते. बदल्यांचं काहीतरी सांगत होते. सांगता सांगता थांबले. माझी ट्रंक ठेवलेल्या कोपऱ्याकडं तोंड वळवलं आणि अगदी सहज म्हणाले, "हाय." जरा थांबून, "हाय, हाय." मग माझ्याकडं वळून, "तर काय सांगत हुतो." बदल्यांचं पुढं चालू झालं. त्या दिवसापासून मी ट्रंक दुसऱ्या भिंतीला लावली. काय उपयोग होणार होता त्याचा, कुणास ठाऊक.

हे कशामुळं, ते मला साताऱ्याला जाताना कळलं. त्यांना साक्षीचा समन्स आला होता. म्हणाले, "मास्तर, सुट्टी काढून संगं येता का? मला कायी झालं तर हमीदाला येऊन सांगाया कुनीतरी पायजे." मला नाही म्हणवेना. एस्टीत आम्ही मागच्या बाकावर बसलो आणि वाटेत त्यांनी सगळं सांगितलं.

वाईच्या खालच्या अंगाला कृष्णाकाठी एक गाव आहे. तिथला हणमंता लढाईवरून परत आला, तो मनानं पुरता परतला नव्हता. फौजेनं त्याला घरी पाठवलं होतं. एरवी शांत. गोठ्यातसुद्धा बूट घालून झोपायचा. पण मोठा आवाज झाला, की उसात जाऊन बसायचा, दिवस दिवस. एकदा गावात वरातीचे बार उडाले. हणमंता कोयता घेऊन फडात शिरला आणि कुणी जवळ आलं की कोयता दाखवू लागला. त्याचा भाऊ सायकल हाणत चौकीत आला. "आमच्या हणमंताला जरा दवाखान्यात पोचवा," एवढंच त्याचं म्हणणं होतं.

जमादार पुढं गेले. बांधावर बसले. ऊस तोडणीला आलेला, डोक्याच्या वर, पाचट वाळलेलं. आत माणूस दिसत नव्हता. त्यांनी नाव सांगितलं. एकटा असल्याचं सांगितलं.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "मागं किती जन हायती?"

"कोन न्हाई रं. मी एकटा."

"पानी हाय?"

"हाय. गूळ बी हाय."

असं बोलणं सुरू झालं. हणमंतानं पिकाचं विचारलं, पावसाचं विचारलं. दर थोड्या वेळानं तो एकच विचारायचा, "जमादार, तुमी हायसा का?" आणि हे म्हणायचे, "हाय. हितंच हाय." दर वेळी आवाज थोडा जवळून यायचा. पाचट मोडल्याचं ऐकू यायचं. "आनखी जरा वेळ मिळाला असता तर आला असता त्यो," जमादार म्हणाले. "माज्या हाताएवढ्या अंतरावर पानं हालत हुती."

तेवढ्यात जीप आली. फौजदार तरुण होते, नवीन होते आणि संध्याकाळी त्यांना एका मंत्र्याच्या दौऱ्याच्या बंदोबस्ताला जायचं होतं. शिपाई धडाधड उतरले. इतके बूट एकदम वाजल्यावर ऊस हलायचा थांबला. फौजदारांनी हाका मारल्या. उत्तर नाही. मग ते म्हणाले, "वाऱ्याच्या बाजूनं पेटवा. धूर लागला की येईल बाहेर."

जमादार म्हणाले, "सायेब, त्यो न्हाई येनार. त्येच्या लेखी आपुन दुश्मन हाय."

"तू बाजूला हो."

निवृत्ती नावाचा नवा भरती झालेला शिपाई होता. त्याच्या हातात काडेपेटी दिली गेली.

एस्टी तेव्हा साताऱ्याअलीकडच्या वाढे गावाच्या आसपास असेल. जमादार खिडकीबाहेर बघत बोलत होते. "जाळ लागला की ऊस वरडतो, मास्तर. फट् फट् कांड्या फुटत्यात. त्या समद्या गलक्यात त्येचा आवाज आला. वरडला न्हाई, शिवी दिली न्हाई. इचारलं, जमादार, तुमी हायसा का? मी म्हनलं, हाय. पुन्ना इचारलं. मी म्हनलं, हितंच हाय. मी आत जाया निगालो तर दोगांनी मला धरला. त्यो इचारत हुता आन मी हाय म्हनत हुतो. मग त्यो इचारायचा थांबला."

थोड्या वेळानं म्हणाले, "तवा थांबला. दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर पुन्ना सुरू झाला."

पंचनाम्यात लिहिलं गेलं, की इसमानं बिडी ओढताना स्वतःच आग लावून घेतली. सगळ्यांनी सह्या केल्या. जमादारांनी केली नाही. हणमंता बिडी ओढत नव्हता, हे त्यांना बांधावर बसल्या बसल्या कळलं होतं. त्यांनी बिडी देऊ केली, तेव्हा त्यानं नको म्हटलं होतं. सही नाकारल्यावर त्यांची लोणंदला बदली झाली. पण हणमंताच्या आईनं, सोनाबाईनं, कलेक्टर कचेरीचा पिच्छा सोडला नाही आणि मॅजिस्ट्रेटपुढं चौकशी उभी राहिली.

साताऱ्याच्या कचेरीत चौकशीच्या खोलीत पंखा होता, तो चालत नव्हता. एका बाजूला फौजदार, त्यांचे वकील आणि ओळीनं बसलेले शिपाई. दुसऱ्या बाजूला सोनाबाई आणि तिचा थोरला मुलगा. ती पदर कपाळापर्यंत ओढून जमिनीकडं बघत होती. दुपारपर्यंत एकामागून एक शिपाई उठले आणि आग आतून लागली, असं सांगून बसले. निवृत्तीनंही तेच सांगितलं. सांगताना तो खिडकीकडं बघत होता.

मग जमादार उभे राहिले. मला एस्टीत सांगितलं तसंच, त्याच क्रमानं सांगितलं.

वकील हुशार होते. त्यांनी आगीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. म्हणाले, "जमादार, तुम्ही म्हणता मयत आगीतून तुमच्याशी बोलत होता."

"व्हय."

"बाकी कुणाला ऐकू आलं नाही. तुम्हाला आलं."

"बाकीच्यांचं मला म्हाईत न्हाई."

"बरं. तो आवाज तुम्हाला त्यानंतर कधी ऐकू आला?"

मी जमादारांकडं बघितलं. सोनाबाईच्या मुलानं मान वर केली. लोणंदच्या चौकीतलं कुणीतरी वकिलांना खबर देऊन गेलं असणार, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. 'नाही' म्हटलं असतं तर प्रश्न तिथंच संपला असता. 

"येतो," ते म्हणाले.

"किती वेळा?"

"रोज येतो. उन्हं कलली की."

वकील मॅजिस्ट्रेटकडं वळले आणि नुसते हात पसरले. मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला. मॅजिस्ट्रेट वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "मुलाणी, तुम्ही काय बोलताय हे तुम्हाला कळतंय ना? यामुळं तुमची सगळी साक्ष वाया जाऊ शकते."

"कळतंय सायेब. पन खरं सांगाया आलो आन मदीच एक खोटं कसं सांगू?"

"आवाज काय म्हणतो?"

"इचारतो, जमादार, तुमी हायसा का?"

"मग?"

"मी हाय म्हनतो. न्हाई म्हनलं तर त्यो जानार कुटं?"

 बाहेर आवारात कुणीतरी हातपंप मारत होतं, तो आवाज तेवढा येत होता. आणि त्या ओळीतून निवृत्ती उठला. शेजारच्यानं त्याचा सदरा धरून खाली ओढलं. तो पुन्हा उठला. पोरसवदा चेहरा, त्यावर घाम.

"सायेब," तो म्हणाला, "मला बी येतो त्यो आवाज."

फौजदार म्हणाले, "खाली बस."

निवृत्ती बसला नाही. "मला इचारत न्हाई त्यो. त्यो जमादारांनाच इचारतो. पन मला ऐकू येतं. काडी मी लावली, सायेब. ह्यांनी लावाया सांगितली, मी लावली. बिडी न्हवती, कायी न्हवतं."

मग आणखी एकजण उठला. मग दुसरा. आवाज येतो असं त्यांनी सांगितलं नाही, आग बाहेरून लागली एवढंच सांगितलं. पण सांगताना त्यांनी आपापले कान चोळले, हे मी बघितलं.

फौजदार निलंबित झाले. पुढं खटला चालला. त्यात खुनाचा आरोप टिकला नाही, मात्र हयगयीबद्दल शिक्षा झाली आणि वर्दी कायमची गेली. निवृत्तीलाही कैद झाली. सुटल्यावर तो गावी जाऊन शेती करू लागला. हणमंताच्या नावापुढं आगलाव्या असं लागलं होतं, ते कागदावरून खोडलं गेलं.

साक्षीच्या दिवशी कचेरीच्या पायऱ्यांवर सोनाबाई जमादारांपुढं येऊन उभी राहिली. जमादारांनी सवयीनं हात अंगापासून लांब धरले. तिनं विचारलं, "शेवटाला त्यो तुमाला हायसा का म्हनला?"

"व्हय आक्का."

"आन तुमी हाय म्हनला?"

"व्हय."

तिनं मान हलवली. "मंजी एकला न्हवता," म्हणाली आणि थोरल्या मुलाचा हात धरून पायऱ्या उतरली.

खात्यानं जमादारांना डोक्याच्या तपासणीला पाठवलं. डॉक्टरांनी त्यांना नोकरीला लायक ठरवलं. तरी परत आल्यावर चौकीत त्यांच्या शेजारी कुणी डबा उघडत नसे. भीती होती, की तेच ऐकणं आपल्यालाही लागेल. मात्र कुठं कुणी विहिरीच्या काठावर उभं आहे, कुणी घरच्यांवर कुऱ्हाड उगारलीय, अशी वर्दी आली की सगळे त्यांच्याकडंच बघायचे. ते पाणी पिऊन निघायचे. काही वेळा हात हलवत परत यायचे. एकदा एका पोराला वाचवता आलं नाही, तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत आणि भाभींशी विनाकारण भांडले. संध्याकाळचा भिंतीपलीकडचा आवाज माझी बदली होईपर्यंत चालू होता. पुढं पुढं मला त्याची इतकी सवय झाली, की तो झाला की मी दिवा लावायला उठायचो.

त्यानंतर त्यांची माझी एकदाच गाठ पडली. ते निवृत्त होऊन सांगलीला मुलीकडं राहायला गेले होते, विश्रामबागेत. मी तिथल्या कॉलेजात पेपर तपासायला गेलो होतो. एका दुपारी पत्ता विचारत त्यांच्या घरी पोचलो, तर ते घरी नव्हते. मुलगी म्हणाली, "मागच्या गल्लीत गेलेत. पोलीस येऊन घेऊन गेले."

मी मागच्या गल्लीत गेलो आणि वळणावरच थांबलो. इतकी माणसं होती आणि आवाज कसलाच नव्हता. एका बैठ्या घराचं दार उघडं होतं, आत अंधार. कॉलेजात शिकणारा एक मुलगा आत होता. दोन दिवस त्यानं कुणाला आत येऊ दिलं नव्हतं, आणि हातात विळी होती, असं एकानं मला कानाशी लागून सांगितलं. त्याची आई समोरच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. पोलिसांची जीप गल्लीच्या तोंडाशीच उभी केलेली, काठ्या तिच्यात ठेवलेल्या. आणि फौजदारासकट सगळे पोलीस भर उन्हात डांबरी रस्त्यावर मांडी घालून बसले होते, पंगतीला बसावं तसे.

उंबऱ्यावर जमादार होते. पाठमोरे. खांदे आणखी वाकलेले, डोक्यावर पांढरी टोपी. काहीतरी बोलत होते, ते आमच्यापर्यंत पोचत नव्हतं. मधूनच थांबायचे, मान कलती करून ऐकायचे. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. तरी त्यांची मान हलायची, जसं कुणी लांबलचक सांगत असावं.

तरुण फौजदार माझ्या जवळच होता. त्यानं हळूच विचारलं, "तुम्ही ओळखता त्यांना? किती वेळ लागेल?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

त्यानं घड्याळाकडं बघितलं. मग घड्याळ हातातून काढलं, खिशात टाकलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

माझी निघायची वेळ झाली. तो मुलगा दिवेलागणीला बाहेर आला आणि आईबरोबर चालत दवाखान्याला जाणाऱ्या टांग्यात बसला, हे मला नंतर जमादारांच्या मुलीकडून कळलं. पुढच्याच हिवाळ्यात जमादार गेले, तेही तिनंच कळवलं. पण मी बघितलं ते एवढंच. गल्लीच्या वळणावरून मागं वळलो, तेव्हा जमादार उंबऱ्यावर थोडे बाजूला सरकत होते, आत येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट करून द्यावी तसे. त्या रिकाम्या जागेतून ऊन आत शिरलं, आणि अंधारातली फरशी हातभर उजळली.